करारातली एक ओळ

२३ मार्च जवळ आला की फेसबुकवर गांधीजी आणि व्हॉइसरॉय आयर्विन यांच्यातला गांधी-आयर्विन करार उकरून निघतो. भगतसिंगांना वाचवता आलं असतं की नाही, यावर दोन्हीकडचे लोक तावातावाने भांडतात. करार वाचलाय का, असं विचारलं की दोन्हीकडचे चिडतात. मी परवा बसून वाचला. चहा गार व्हायच्या आत संपतो.

मिठाचं कलम आधी शोधलं, कारण माझं आजोळ शिरोड्याचं. मे १९३० मध्ये तिथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या. आणि ५ मार्च १९३१ च्या या करारात मिळालं काय? जिथे मीठ होतं त्याच्या लगतच्या गावांनी ते घरापुरतं करावं, फार तर गावातल्या गावात विकावं. शेजारच्या बाजारात पाटी नेली की पुन्हा गुन्हा! कर होता तसाच. तरी मला हे फारसं खुपत नाही. घासाघीस म्हटली की सोडावं लागतंच. शिवाय व्हॉइसरॉय कायदा मोडणाऱ्याशी समोरासमोर बसून बोलतो, हेच चर्चिलला केवढं झोंबलं होतं.

खुपते ती कैद्यांच्या सुटकेची अट. हिंसा न केलेले सत्याग्रही सुटणार. पण हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेले सैनिक आणि पोलीस यातून वगळलेले.

हे सैनिक कोण? २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार देणारे गढवाली. चंद्रसिंग गढवालींना त्यासाठी जन्मठेप झाली. हातात भरलेली बंदूक असून ती न चालवणारा माणूस अहिंसेच्या करारात बसला नाही!

गांधीजींनी पुढे याचं समर्थनही केलं. सैनिकाने घेतलेली शपथ मोडू नये. उद्या सत्ता आली तर हेच सैनिक आपल्याला वापरायचे आहेत, असा त्यांचा मुद्दा. राज्य चालवायच्या हिशेबाने तो बिनतोड असेल. मला मात्र तो अजून गिळता येत नाही, आणि मी गांधींना मानणाऱ्यांपैकी आहे, हे कमेंटमध्ये धावून येणाऱ्यांसाठी आधीच सांगून ठेवतो.

चंद्रसिंग सुटले ते १९४१ मध्ये. आयर्विनसाहेब तोवर लॉर्ड हॅलिफॅक्स होऊन अमेरिकेत ब्रिटनचे राजदूत म्हणून रुजू झाले होते.