ओकोयेचा विग आणि राणीचा दरबार

काल रात्री परत 'वाकांडा फॉरएव्हर' लावला, वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशावरच्या मार्व्हलच्या 'ब्लॅक पँथर'चा दुसरा भाग, आणि परत त्याच सीनला येऊन थांबले, दरबारातल्या. राजकन्या शुरीला पळवून नेलंय, तिला मोहिमेवर घेऊन गेलेली जनरल ओकोये मान खाली घालून उभी आहे आणि राणी रमोंडा तिचं पद काढून घेते. ओकोये रडते, विनवते, पण राणीचा नवरा गेलाय, मुलगा गेलाय, आता मुलगीही हातातून गेली, ती ऐकेल कशी. राणी झालेली अँजेला बॅसेट तिथे जी ओरडते ना, दरवेळी अंगावर काटा येतो. मला विचाराल तर राणी तिथे चुकते. आणि मला तेच फार आवडतं, कारण चूक करायलाही आधी हातात सत्ता लागते, आणि या सीनमध्ये सत्ता असलेली, ती गमावलेली, दोघीही काळ्या बायकाच आहेत.

नाहीतर २००० सालच्या 'एक्स-मेन' या सुपरहिरो सिनेमातली स्टॉर्म आठवा. हॅली बेरीसारखी नटी, वादळं आणणारी हिरॉईन, आणि वाट्याला किती संवाद? मोजकेच!

पहिल्या 'ब्लॅक पँथर'मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानच्या कसिनोत ओकोयेला विग घालावा लागतो, सारखी वैतागलेली असते ती त्यावर, आणि मारामारी सुरू झाल्यावर तोच विग काढून समोरच्याच्या तोंडावर फेकते, तेव्हा आमच्या थिएटरमध्ये शिट्ट्या पडल्या होत्या. तिचं तुळतुळीत डोकं हाच तिचा मान. डोरा मिलाजे, म्हणजे ओकोयेची ती बायकांची फौज, ही कल्पनाही काही हवेतून आलेली नाही, आजच्या बेनिनमध्ये पूर्वी डाहोमीचं राज्य होतं, तिथे खरंच बायकांची फौज होती. आणि या दोन्ही सिनेमांतल्या कपड्यांसाठी वेशभूषाकार रूथ कार्टरना २०१९ आणि २०२३ असे दोनदा ऑस्कर मिळाले, दोन ऑस्कर मिळवणारी पहिली काळी बाई.

पण मनात सलतं ते सलतंच. ब्लॅक पँथर झालेला चॅडविक बोसमन २०२० मध्ये गेला नसता तर शुरीच्या अंगावर ब्लॅक पँथरचा तो सूट इतक्यात आला असता का? आणि २००८ पासून ३२ सिनेमे झाल्यावर मार्व्हलने एका काळ्या बाईला डायरेक्टर केलं, निया डाकोस्टाला, 'द मार्व्हल्स'साठी. तो पडला तर लोक लगेच तिच्यावर घसरले. पुरुषांचे पडतात तेव्हा सगळे म्हणतात पुढच्यात बघू, मग हिला का नाही तो पुढचा चान्स? मला तर आख्खा सिनेमा ओकोयेवर हवाय आणि तो एखाद्या काळ्या बाईनेच केलेला हवाय, पहिल्या दिवशीचं तिकीट माझं.