‘आठ वर्षांत चष्मा परत आला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

३८व्या वर्षी आमच्याकडे लेसिक (लेसरने चष्म्याचा नंबर काढायचं ऑपरेशन) करून उणे ५.५ चा नंबर काढला, आता ४६व्या वर्षी डाव्या डोळ्याला पुन्हा उणे ०.७५ निघाला, फोन हातभर लांब धरावा लागतो, आणि तेव्हा तर ‘कायमचा चष्मा जाईल’ असं सांगितलं होतं, ही तुमची तक्रार. तुमचा केसपेपर इथे चारचौघांत उघडणं योग्य नाही, त्यामुळे तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

‘कायमचा’ हा शब्द आमच्यापैकी कुणी वापरला असेल तर ती आमची चूक, त्याबद्दल माफ करा. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, दिलेला आकार टिकतो, पण बाकीचा डोळा वयाप्रमाणे बदलत राहतो, हे ऑपरेशनच्या आधीच नीट सांगायला हवं होतं.

एका नंबरामागे लेसर कॉर्नियाचा साधारण १२ ते १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर काढतो. म्हणजे साडेपाचाला ६५ ते ८० मायक्रॉन. तो भाग पुन्हा भरून येत नाही. पण कॉर्नियाच्या सगळ्यात वर जेमतेम ५० मायक्रॉनचं नाजूक आवरण असतं, ते सतत नवं होत राहतं. लेसरने सपाट केलेल्या मधल्या भागावर ते हळूहळू किंचित जाड होतं आणि थोडा उणे नंबर परत येतो. मुळातला नंबर मोठा असेल तर हे जास्त दिसतं. पाऊण नंबर यातून येऊ शकतो. मात्र न तपासता आम्ही तसं ठरवणार नाही, कारण डोळ्यातल्या भिंगाचा गाभा कडक होऊन मोतीबिंदू सुरू झाला तरी उणे नंबर वाढतो, रक्तातली साखर चढली तरी नंबर हलतो. आणि क्वचित कॉर्निया कमकुवत होऊन पुढे झुकू लागतो. सिलिंड्रिकल (तिरका) नंबर वाढत चालला असेल आणि चष्मा लावूनही अक्षरांना सावली दिसत असेल, तर संशय यावर. डोळे चोळायची सवय असेल तर ती आजच सोडा.

फोनचं म्हणाल, तर ती चाळिशी आहे. नेत्रभिंगाची लवचिकता कमी होते, लेसर न केलेल्यांनाही हे टळत नाही. फरक इतकाच की उणे नंबरवाले चष्मा काढून वाचू शकतात. लांबचा नंबर काढल्यावर ही सोय जाते, आणि हेही आधीच सांगायला हवं.

आता दुसऱ्या लेसरबद्दल. पाऊण नंबराला दहा-बारा मायक्रॉन पुरतात, त्यामुळे काम किरकोळ वाटतं. पण डाव्या डोळ्यातला हाच उणे पाऊण तुम्हाला जवळचं वाचायला थोडी मदत करतोय. तो काढला तर फोन आणखी लांब न्यावा लागेल. शिवाय इतक्या वर्षांनी जुना फ्लॅप (लेसिकच्या वेळी कापून बाजूला केलेला कॉर्नियाचा वरचा पातळ थर) उचलला तर त्याच्याखाली वरच्या आवरणाच्या पेशी शिरण्याचा धोका वाढतो. करायचंच असेल तर बहुतेक वेळा फ्लॅप न उचलता वरून लेसर करणं बरं, तेही नंबर काही महिने स्थिर असल्याचं दिसल्यावर आणि फ्लॅपखाली पुरेशी जाडी उरत असेल तरच. आमचं मत विचाराल तर तूर्त गाडी चालवताना लांबचा चष्मा आणि वाचायला जवळचा, एवढंच पुरे.

घरी एक करून बघा. संध्याकाळी लांबची पाटी धूसर दिसली की तीन-चारदा नीट पापण्या मिटा. क्षणभर स्पष्ट दिसून पुन्हा धूसर झालं, तर डोळे कोरडे पडतायत आणि त्या अवस्थेत काढलेला नंबरही फसवा असतो. फरक पडला नाही, तर जाड कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून एकेका डोळ्याने पाहा. स्पष्ट दिसलं तर बहुधा नंबरच आहे. नाही दिसलं तर लवकर या.

तपासणीत कॉर्नियाची टोपोग्राफी (आकाराचा नकाशा) आणि जाडी, अश्रूंची चाचणी, आणि थेंब टाकून बाहुली मोठी करून भिंग आणि डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) पाहू. घरी जाताना स्वतः गाडी चालवू नका, काही तास धूसर दिसतं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर आधी दोन आठवडे बंद ठेवा. पडद्याची तपासणी वगळू नका: लेसरने नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहते, आणि लांब डोळ्यात पडदा फाटण्याचा धोका कायम असतो. अचानक चमका किंवा काळे ठिपके दिसले तर त्याच दिवशी दाखवा.

ऑपरेशनआधीच्या मोजमापांची प्रत आमच्या रेकॉर्ड विभागातून मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी कृत्रिम भिंगाचा नंबर काढताना ती लागते. आणि कुठेही डोळ्याचा दाब मोजला तर लेसिक झाल्याचं सांगा, कारण पातळ झालेल्या कॉर्नियावर तो खऱ्यापेक्षा कमी भरतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो.