पिनोशे यांनी खुर्ची ‘सोडली’ नव्हती

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: चिलीच्या जनरल ऑगस्तो पिनोशे यांनी बुडालेला देश लष्करी राजवटीत श्रीमंत केला, भ्रष्टाचार निपटून काढला आणि १९८८ मध्ये जनतेने नकार देताच मुकाट्याने खुर्ची सोडली, तेव्हा आपल्याकडेही दहा वर्षे कारभार लष्कराच्या हाती द्यावा. मला तो पाठवणारे गृहस्थ प्रत्येक निवडणुकीत सकाळी सातला रांगेत उभे असतात, म्हणून सविस्तर उत्तर देणे भाग पडले.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दाव्यांना वजन येते ते त्याच्यामुळे. ५ ऑक्टोबर १९८८ चे सार्वमत ही पिनोशे यांची मेहेरबानी नव्हती. लष्करी मंडळाने एकच उमेदवार द्यायचा आणि लोकांनी त्याला फक्त होकार किंवा नकार द्यायचा, ही तरतूद त्यांच्याच राजवटीच्या १९८० च्या घटनेत होती, आणि ती आणखी आठ वर्षे पदरात पाडून घेण्यासाठीच केलेली होती. त्या घटनेवर मतदान झाले तेव्हा देशात मतदारयाद्याच नव्हत्या. आधीच्या याद्या रद्द करून १९७४ मध्ये जाळून टाकण्यात आल्या होत्या. १९८७ मध्ये नोंदणी पुन्हा सुरू झाल्यावर विरोधकांना आधी लोकांची नावे यादीत आणावी लागली, आणि ज्या देशात माणसे रातोरात घरातून नाहीशी झाली तिथे सरकारी वहीत आपले नाव लिहून देणे ही साधी गोष्ट नव्हती. तरीही ७० लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले. मतपत्रिकेवर नाव एकच होते. त्याखाली ‘सी’ म्हणजे हो आणि ‘नो’ म्हणजे नाही, अशा दोन पर्यायांपुढे एकेक आडवी रेघ होती, आणि हव्या त्या रेघेवर शिसपेन्सिलीने उभी रेघ मारायची होती.

त्या रात्री सरकारने मोजक्या केंद्रांचे आकडे देऊन ‘हो’ आघाडीवर असल्याचे जाहीर केले आणि मग बराच वेळ मौन धरले. विरोधकांनी मात्र केंद्राकेंद्रावर आपली माणसे बसवून स्वतंत्र मोजणी केली होती, त्यामुळे आकडा दडपणे अवघड झाले. मध्यरात्र उलटल्यावर हवाईदलप्रमुख आणि लष्करी मंडळाचे सदस्य फर्नांदो मात्तेई बैठकीसाठी ला मोनेदा या अध्यक्षीय प्रासादात आले आणि आत जाण्यापूर्वीच ‘नाही’चा विजय झाल्याचे त्यांनी पत्रकारांना सांगून टाकले. मात्तेई यांनी पुढे सांगितल्यानुसार पिनोशे यांनी आत विशेष अधिकार मागितले आणि मात्तेई यांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. निकाल सुमारे ५६ विरुद्ध ४४ टक्के लागला. खुर्ची सोडणे आणि सोडावी लागणे यांतला फरक त्या दारात दिसतो.

आता श्रीमंतीबद्दल. पिनोशे यांनी १९७३ मध्ये उलथवलेल्या अध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारच्या अखेरीस महागाई भयंकर होती आणि १९८५ नंतर अर्थव्यवस्था वेगाने वाढली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मधले पान संदेशातून गळले आहे. १९७९ मध्ये एका डॉलरला ३९ पेसो असा दर बांधून टाकल्यावर बँकांनी डॉलरमध्ये बेसुमार कर्ज उचलले, आणि १९८२ मध्ये तो दर कोसळताच देशाचे उत्पन्न एका वर्षात दहा टक्क्यांहून अधिक घटले. जानेवारी १९८३ मध्ये मुक्त बाजाराचा जप करणाऱ्या याच सरकारला मोठ्या खासगी बँका ताब्यात घ्याव्या लागल्या. तांब्याच्या मोठ्या खाणी तर आयेंदे यांच्या काळात, १९७१ मध्ये, सरकारी झाल्या होत्या, आणि त्यांचे उत्पन्न पिनोशे यांनीही सोडले नाही. अधिकृत मोजणीनुसार १९८७ मध्ये सुमारे ४५ टक्के लोक गरीब होते. २००० पर्यंत ते प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले, म्हणजे निवडून आलेल्या सरकारांच्या काळात.

भ्रष्टाचाराचा मुद्दा दोन वाक्यांत आटोपतो. २००४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशीत वॉशिंग्टनच्या रिग्ज बँकेत पिनोशे यांची लक्षावधी डॉलरची छुपी खाती उघड झाली. राजवटीत ती का उघड झाली नाहीत, याचे उत्तर तिथल्या वृत्तपत्रांवरच्या बंधनांत आहे. आणि ज्या गोष्टीचा संदेशात उल्लेखच नाही ती ही, की राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या १९९१ च्या रेत्तिग आयोगाने दोन हजारांहून अधिक हत्या आणि बेपत्ता होण्याची प्रकरणे नोंदवली.

राहिला ‘मुकाट्याने’ हा शब्द. ११ मार्च १९९० ला पात्रिसिओ आयल्विन अध्यक्ष झाले, पण लष्करप्रमुख पिनोशेच राहिले. त्यांच्या मुलाला लष्कराने दिलेल्या सुमारे ३० लाख डॉलरच्या धनादेशांची चौकशी सुरू झाली, तेव्हा त्याच वर्षीच्या डिसेंबरात देशभरचे सैनिक अचानक बराकींत सज्ज ठेवण्यात आले. १९९३ च्या मे महिन्यात तर तोंडाला युद्धाचा रंग फासलेले कमांडो ला मोनेदापासून हाकेच्या अंतरावर येऊन उभे राहिले. १० मार्च १९९८ ला पिनोशे यांनी लष्करप्रमुखपद सोडले आणि दुसऱ्याच दिवशी तहहयात सिनेटर म्हणून शपथ घेतली. ती जागाही त्याच १९८० च्या घटनेत त्यांच्यासाठी राखून ठेवलेली होती.