नोव्हेंबर म्हणजे 'नवांबर' नव्हे

दिवाळीच्या आसपास आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो आत्याने पाठवला. मजकूर थोडक्यात असा: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही मुळात सप्तांबर, अष्टांबर, नवांबर, दशांबर अशी संस्कृत नावं. अंबर म्हणजे आकाश, आकाशाचे बारा भाग, त्यातला नववा तो नोव्हेंबर. चैत्रापासून मोजलं की हिशेब जुळतो. एक्समस (Xmas, नाताळचं इंग्रजी नाव थोडक्यात) म्हणजे रोमन दहा अधिक आपला 'मास'. आणि इंग्रज १७५२ पर्यंत मार्चमध्ये नववर्ष पाळत होते, हा शेवटचा पुरावा.

आत्याला फोनवर थोडं समजावलं, तर ती म्हणाली, "अरे, मग नीट लिहून पाठव की. मीही पुढे पाठवते." म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी आकड्यांचं. सप्त-सेप्टेम, अष्ट-ओक्टो, नव-नोव्हेम, दश-डेकेम ही साम्यं खरी आहेत, त्यात वाद नाही. पण संस्कृत आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या बहिणी आहेत, म्हणून हे शब्द सारखे आहेत. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात हे नातं जाहीरपणे मांडलं, तेव्हापासून त्याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. त्यात नियम दिसतो: ज्या जागी संस्कृतात 'श' येतो त्या जागी लॅटिनमध्ये 'क' येतो. आपलं शत, त्यांचं केंतुम. आपलं दश, त्यांचं डेकेम. जुन्या रोममध्ये डिसेंबरचा उच्चार 'डेकेंबेर' होता. त्यातला 'स' फार नंतरचा, आणि मेसेज तर नेमका त्या 'स'च्या आधारे 'दशांबर'शी जुळणी करतो.

आता 'अंबर'. सगळा डोलारा या एका शब्दावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं. पहिल्या चार महिन्यांची नावं मार्टिउस, एप्रिलिस, माइउस, युनिउस. पाचवा क्विंटिलिस, सहावा सेक्स्टिलिस, म्हणजे सरळ पाचवा आणि सहावा. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या नावाने क्विंटिलिसचा जुलै झाला आणि इ.स.पू. ८ मध्ये ऑगस्टसच्या नावाने सेक्स्टिलिसचा ऑगस्ट. आकाशाचे बारा भाग पाडून नावं दिली असती, तर पाचव्या-सहाव्याला अंबर का नाही? पंचांबर, षष्ठांबर कुठे गेले?

मग हे 'बर' आलं कुठून? त्याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, पण एक मत असं की त्यात 'मेन्सिस', म्हणजे महिना, हा शब्द झिजून उरला आहे. आणि हा मेन्सिस आपल्या 'मास'चा सख्खा नातेवाईक. हे मत बरोबर असेल, तर नोव्हेंबरात आपलं नातं दडलं आहे ते 'मास' या शब्दाशी. मेसेजवाल्यांनी ते भलत्याच शब्दात शोधलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चैत्रापासूनचा हिशेबही जुळत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय काढून बघा. नोव्हेंबरात येतो कार्तिक, तो आठवा. महिनाअखेरीला मार्गशीर्ष डोकावतो. सप्टेंबरातला भाद्रपद सहावा. शिवाय आपले महिने चंद्राचे, मधूनच अधिक मास येतो, त्यामुळे ते इंग्रजी तारखांशी कायमचे बांधता येतच नाहीत.

एक्समसमधला एक्स हा रोमन दहा नाही. ते 'ख्रिस्तोस' या ग्रीक शब्दाचं पहिलं अक्षर आहे. 'मस' म्हणजे मिस्सा, चर्चमधली उपासना. आणि नाताळ हा एक दिवस आहे, महिना नव्हे.

१७५२ चं साल तेवढं खरं. पण इंग्लंडचं वर्ष सुरू व्हायचं ते ठरलेल्या २५ मार्चला, कारण देवदूताने मरियेला येशूच्या जन्माची वार्ता दिली तो हा सण. तिथून नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर. ही प्रथा तिथे बाराव्या शतकापासूनची. शेजारच्या स्कॉटलंडने १६०० मध्येच १ जानेवारी स्वीकारली होती. यात पाडवा कुठेच नाही.

आपल्याकडे महिन्यांची नावं काय होती, हे तर लिहून ठेवलेलंच आहे. यजुर्वेदात मधु, माधव, शुक्र, शुचि अशी बारा नावं येतात. शरदाचे दोन महिने इष आणि ऊर्ज. ऊर्ज म्हणजे आपला कार्तिक. आकाशाचं नाव असलेले महिनेही आहेत, नभस् आणि नभस्य, पण ते पावसाळ्याचे, श्रावण-भाद्रपद. नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्यात, सातवाहन राजा पुळुमावीचा लेख आहे. त्यातला काळ असा दिला आहे: राज्याचं १९ वं वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. तेव्हा सोपारा-कल्याणची नावं रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक होती, तरी तारीख लिहिताना आपल्या माणसांनी ऋतू आणि पक्ष मोजले.

नक्षत्रांवरून महिने आले त्याचा नियमही पाणिनीने एका सूत्रात सांगितला आहे: सास्मिन्पौर्णमासीति. ज्या नक्षत्राजवळ पौर्णिमा, त्याचं नाव महिन्याला. कृत्तिकांवरून कार्तिक. पुष्कळ जण म्हणतात की महिन्याला कार्तिकेयाचं नाव आहे. तसं नाही, त्याला कृत्तिकांनी दूध पाजलं म्हणून तो कार्तिकेय. देवाने आणि महिन्याने, दोघांनी नाव घेतलं ते त्या ताऱ्यांकडून.

आत्या, त्रिपुरी पौर्णिमेला देवळात दिवे लावून झाले की गच्चीवर जा. पूर्वेला चंद्र वर आला असेल. तळहाताने तो झाक आणि आजूबाजूला बघ. बारीक ताऱ्यांचा एक घोस दिसेल, द्राक्षांसारखा. चांदणं फार असेल तर चार दिवस थांबून अंधार पडल्यावर पुन्हा बघ, चंद्र उगवायच्या आत. त्या कृत्तिका.