युरोपात कळलं, नाशिकला नाही

द्राक्षाचा भाव पडला की गावाकडे एकच सूर लागतो: शेतकऱ्यांत एकी नाही. नेदरलँड्समधून पाहताना मला हे निदान अर्धंच वाटतं. शेतकरी गटातल्या वीसही जणांचं औषधाचं दुकान एक, सल्लागार एक, निर्यातदारही एकच असेल, तर वीस जणांना मिळून एकाला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं.

२०१० आठवा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडेवाढ रोखावी, काडीत घड तयार व्हावा म्हणून बागायतदार सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) हे वाढ रोखणारं रसायन, म्हणजे बोलीतलं लिहोसिन, फवारत. ते वेलीत साठून राहतं. फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीनंतर थेंबभरही दिलं नाही तरी मण्यात उतरतं. द्राक्षात उरलेल्या सीसीसीसाठी युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत मात्र सीसीसीचं नावच नव्हतं. भारतात पास झालेला माल युरोपात अडकला. रसायन जुनं, मर्यादा छापील, प्रयोगशाळा दोन्हीकडे. फवारणारा आणि युरोपातला तपासणीस यांना जोडणारा माणूस तेवढा नव्हता.

इथल्या वेस्टलँड भागात काचघरवाल्यांचे अभ्यासगट असत. एकाच पिकाचे शेजारी एकमेकांच्या काचघरात जाऊन उत्पादनाचे आकडे उघड करत, सोबत बाहेरचा सल्लागारही असे. (पुढे काचघरं मोठी झाली, लिलावगृहांची घडी मोडली, तसे आकडे इथेही झाकले जाऊ लागले. डच शेतकरी काही संत नाही.)

गावी हे करायचं तर खरड छाटणीच्या पंधरा दिवस आधी बसावं. प्रत्येकाने मागच्या हंगामातल्या फवारण्या लिहून आणाव्यात: तारीख, एकरी मात्रा आणि डब्यावरचा घटक, कंपनीने ठेवलेलं नाव नव्हे. औषधदुकानदार वगळून बाहेरचे दोघे बोलवावेत: रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश, तपासणारा रसायनतज्ज्ञ आणि वेगळ्या पिकाचा निर्यातदार, डाळिंबाचा चालेल. त्यांना 'काय फवारू?' विचारलं की बैठक वाया गेली. 'यंदा कुठल्या घटकामुळे माल नापास झाला, किती निघालं, मर्यादा किती होती?' हे विचारावं.

व्हॉट्सअ‍ॅपवर हे भागत नाही. एकच फॉरवर्ड चार ग्रुपांतून आला की चार साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. साक्षीदार एकच असतो. शिवाय बाहेरच्यांचे नंबर बहुधा अध्यक्षाच्याच मोबाइलमध्ये राहतात. त्याचं गटाशी बिनसलं, की त्याच दिवशी युरोपही तुटतो. नंबर किमान तिघांकडे हवेत, त्यातला एक तरी इंग्रजी मेल वाचून उत्तर देणारा.