उत्तर येत असेल तर गप्प बसा

मोठ्या कन्सल्टिंग फर्मचं, म्हणजे कंपन्यांना सल्ला विकणाऱ्यांचं, मुलाखतीचं बोलावणं आलंय म्हणे. अभिनंदन. पेढे वाटून झाले की एक करा. शेतातलं, घरातलं, बाजारातलं जे काही तुम्हाला ठाऊक आहे, ते चोपड्याच्या स्टँडवर ठेवून मगच मुंबईच्या गाडीत बसा.

मी ते सोबत नेलं आणि तिथेच फसलो. साहेबांनी विचारलं, "एक एकर केळीतून किती माल निघेल? अंदाज चालेल." आमच्याकडे तीन पिढ्यांची केळी. मी म्हटलं, "पाच फूट बाय पाच फुटांवर १,७४२ खोडं बसतात. मर-तूट सोडून १,६०० घड धरा. घडाला १९ किलो, म्हणजे ३०० क्विंटलच्या आसपास. लागवड पावसाळ्यातली मृगबाग की नंतरची कांदेबाग तेवढं सांगा, भावाचंही बोलू." विषय मिनिटाच्या आत संपला. बँडवाले पोचायच्या आधीच नवरदेव मांडवात येऊन बसावा, तसा साहेबांचा चेहरा झाला. आठवड्याने नकार आला. उत्तर बरोबर होतं म्हणे, स्ट्रक्चर नव्हतं.

तेव्हा तुम्ही आधी म्हणा, "विचार करायला एक मिनिट मिळेल का?" मग कोऱ्या कागदावर झाड काढा. उलटं, मूळ वर आणि फांद्या खाली. भारताची लोकसंख्या १४० कोटी इथून निघा. शहरी, ग्रामीण, केळी खाणारे, फक्त उपासाला खाणारे, असं करत करत एकराकडे या. एकही फांदी दुसरीवर चढता कामा नये आणि एकही सुटता कामा नये. याला 'मीसी' म्हणतात. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत असताना बार्बरा मिंटो या बाईंनी ते रुजवलं. आमची आजी जोंधळ्याची नि दादरीची कणगी वेगळी ठेवायची, पण तिने त्याला नाव दिलं नाही, त्यामुळे तिचं राहिलं.

आकडा चुकला तर? चुकू द्या. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने सल्लागारांना विचारलं होतं, २००० साली देशात मोबाइल किती असतील? उत्तर मिळालं, ९ लाख. प्रत्यक्षात निघाले १० कोटींच्या वर. स्ट्रक्चर मात्र देखणंच असणार.

माणूस आपल्यात बसेल का हे बघणाऱ्या 'फिट राउंड'ला घाबरू नका. गणपती मंडळाची वर्गणी गोळा केली असेल, तर ते 'स्टेकहोल्डर मॅनेजमेंट'. गाव विचारलं तर सांगा, तापीपलीकडच्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कंपनीतून विप्रो सुरू झाली. साहेब वहीत काहीतरी लिहून घेतील. तुमचा त्यात काय हात, हे कोणी विचारत नाही.

निवड झाली की कंपनीचे धंदे वाटून टाकायचा चार खणांचा चौकोन पाठ करा. तो बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने १९७०च्या सुमारास बाजारात आणला. एका खणात तारा, एकात प्रश्नचिन्ह, एकात कुत्रा, एकात 'कॅश काऊ'. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे आपल्याकडे म्हणीत फुकट मिळतं; तिथे त्याचं बिल लागतं. बाकी काम फार नाही. रात्री दोन वाजता स्लाइडवरचा लोगो दोन मिलिमीटर डावीकडे सरकवायचा आणि शुक्रवारी टाइमशीटमध्ये त्याला 'विश्लेषण' म्हणायचं. बढती नाही मिळाली तर दार उघडंच असतं, त्याला 'अप ऑर आउट' म्हणतात.

आणि एक दिवस तुमचंच नशीब उघडेल. दुसऱ्या फर्ममध्ये माझं उघडलं. प्रकल्प होता केळीच्या मूल्यसाखळीचा, म्हणजे शेतापासून गिऱ्हाईकापर्यंतच्या प्रवासाचा, अभ्यासाला जागा आली चोपडा. गाडी, हॉटेल, जेवण सगळं ग्राहकाच्या खर्चाने, आणि मी थेट काकांच्या ओट्यावर. काका भरताची वांगी भाजत होते. तुऱ्हाटीवर वांगं उलटं करत म्हणाले, "समदास्नी केळी एकदम कापाले येस, मंग भाव पडस. आनखी काय?" मी वहीत उतरवलं. स्लाइड क्रमांक १४ वर त्याचं झालं 'पुरवठ्याचं हंगामी केंद्रीकरण आणि त्यातून येणारा किमतींचा दबाव', शेजारी निळा बाण. ग्राहकाने मान डोलावली. तेवढ्या एका स्लाइडवर आम्ही पाऊण तास बोललो.

पुढच्या खेपेला हौसेने ती स्लाइड छापून काकांना दाखवली. ही चूक तुम्हीही कराल, कारण घरी कौतुक हवंच असतं. काकांनी चष्मा लावला, पुतणीकडून अर्थ वाचून घेतला.

"हाई तं मीच तुले सांगेल व्हतं ना?"

"हो काका. खाली लिहिलंय बघा, स्रोत: क्षेत्रभेट."

"मंग त्यास्नी तुले किती देल्हात? आन् माले किती भेटतीन?"

अशा वेळी घाबरायचं नाही. कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडायचा, भरतात बुडवायचा, चेहरा गंभीर करायचा आणि म्हणायचं, "काका, विचार करायला एक मिनिट मिळेल का?"