पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही म्हणजे मदरबोर्ड गेला? नाही हो!

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, माझ्याकडेच तीन ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय की डेस्कटॉप चालू होत नसेल तर घरीच पाच मिनिटांत फॉल्ट कळतो : पंखे फिरतात पण स्क्रीन काळी म्हणजे मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) गेला, बीप आला नाही तर नक्कीच गेला, रॅम (मेमरीची पट्टी) खोडरबरने घासा, बोर्डावरचा बटन सेल बदला, एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणारा डबा) हिरवी-काळी वायर जोडून पंखा फिरला की एसएमपीएस ओके, आणि तरी नाही झालं तर विंडोज फॉरमॅट मारा. यातलं थोडं अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच जास्त त्रास होतो, लोक चांगले बोर्ड भंगारात देतायत.

सगळ्यात आधी पंखा आणि मदरबोर्डचं, कारण पैसे इथेच जातात. पंखा फिरायला फक्त १२ व्होल्ट लागतात, प्रोसेसर जागा झालाय की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. माझ्या आतेभावाचं चिपळूणला झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, त्याचा पीसी असाच बंद पडला, बघायला आलेल्या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं बोर्ड गेला, या जुन्या प्रोसेसरचा बोर्ड आता मिळत नाही, सगळा सेट नवीन घ्या. भाऊ पैशांची जुळवाजुळव करायला लागला होता. मी गेलो तेव्हा सहज विचारलं की आधी काही केलं होतंस का, तर म्हणाला दोन दिवसांपूर्वी ब्लोअरने धूळ काढली. प्रोसेसरला पॉवर देणारी वेगळी चार पिनांची वायर असते ना, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, ती अर्धी निघाली होती. मोठा २४ पिनांचा कनेक्टर नीट होता म्हणून पंखे फिरत होते. दाबून बसवली, लॉकचा टक आवाज आला, पीसी सुरू. त्याच्या जागी नवीन सेट आला असता आणि जुना चालणारा बोर्ड कोपऱ्यात पडला असता, याचा मला अजून राग येतो.

काळ्या स्क्रीनची अजून कारणं सांगतो. ग्राफिक्स कार्ड आहे आणि मॉनिटरची केबल मात्र बोर्डाच्या पोर्टला लावलीय, हे फार होतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो त्यात ग्राफिक्सच नसतं, तिथे बोर्डाच्या पोर्टवर कधीच काही दिसणार नाही. आणि नवीन डीडीआर५ रॅमवाला पीसी पहिल्यांदा चालू करताना रॅमचं ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, कधीकधी काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, लोक घाबरून मधेच स्विच बंद करतात आणि ते परत पहिल्यापासून सुरू होतं.

बीपचं तर सरळ आहे. बीप यायला कॅबिनेटमध्ये छोटा स्पीकर लागतो आणि हल्ली बहुतेक कॅबिनेटमध्ये तो येतच नाही, मग बीप येणार कुठून? चार पिनांचा स्पीकर स्वस्तात मिळतो, तो लावा, सगळी रॅम काढा आणि पीसी चालू करा. रॅम नाही म्हणून बोर्ड ओरडला तर समजा बोर्ड आणि प्रोसेसर दोघं जिवंत आहेत. बऱ्याच नवीन बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) असे चार छोटे दिवे पण असतात, जो पेटून राहतो तिथे गाडी अडलीय. तो दिवा न बघता निदान करणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

खोडरबर. हे सगळीकडे चालतं आणि रॅम काढून घासून लावली की पीसी चालू होतो हेही मी बघितलंय. पण बहुतेक वेळा काम घासण्याने होत नाही, काढून परत नीट बसवण्याने होतं. रॅमच्या पट्ट्यांवर सोन्याचा अगदी पातळ थर असतो, खरखरीत रबराने तो झिजतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला की नवीन दुखणं. कोकणात पावसाळ्यात दमट हवेने कॉन्टॅक्ट खराब होतात हे मान्य, पण त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड पुरतं. आधी मेनची वायर काढा, मग एकच स्टिक एका स्लॉटमध्ये, मग दुसरी, असं आलटून पालटून बघा.

सेलबद्दल. तो ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल संपला तर तारीख-वेळ मागे जाते, चालू करताना एफ१ दाबा म्हणून मेसेज येतो, चुकीच्या तारखेमुळे वेबसाइट सर्टिफिकेटची तक्रार करतात, पण पीसी सहसा चालू होतोच. मग सेल बदलून काहींचा पीसी सुरू कसा झाला? कारण सेल काढल्यावर बायोसच्या, म्हणजे बोर्डातल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग पुसल्या जातात, आणि रॅमचा स्पीड वगैरे कुणी वाढवून ठेवला असेल तर तो मूळ जागी येतो. तोच जुना सेल परत लावला असता तरी चाललं असतं.

आता हिरवी-काळी वायर, ही टेस्ट मी पण करतो, पण तिचा अर्थ मेसेजमध्ये चुकलाय. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चालू होतो एवढंच कळलं, लोडवर, म्हणजे पूर्ण पीसीचा भार पडल्यावर, टिकतो का ते नाही कळलं. पीसी जोडलेला असताना मल्टिमीटरने १२ व्होल्टची लाइन बघा, ११.४ ते १२.६ च्या मधे पाहिजे. ५ ची लाइन ४.७५ ते ५.२५. उलट काही नवीन एसएमपीएसचा पंखा कमी लोडवर मुद्दामच बंद राहतो, तो मेलेला समजून फेकू नका. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, एसएमपीएसचा डबा उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि वायर काढल्यावरही तो काही वेळ राहू शकतो.

पंखा पण फिरत नसेल तर आधी एक्स्टेन्शन बोर्ड बदला, मग एसएमपीएसच्या मागचा स्विच बघा, मग कॅबिनेटचं पॉवर बटन. बटन खराब असणं खूप कॉमन आहे, बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या आणि पीसी उठला तर दोष बटनाचा.

शेवटचा मुद्दा फॉरमॅटचा, तो वाचून खरंच वाईट वाटलं. कंपनीचा लोगोच येत नसेल तर गोष्ट अजून विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही, डिस्कवर काय आहे याने काहीही फरक पडत नाही. लोगो येऊन मग अडकत असेल तरी फॉरमॅट पहिला उपाय नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका खराब अपडेटने जगभरातले लाखो विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले होते, तिथे सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं सुरू करून) जाऊन एक फाइल उडवली की मशीन चालू होत होतं, कुणाचा डेटा पुसायची गरज नव्हती. आतेभावाला पण बोर्डाच्या आधी फॉरमॅटच सुचवला होता. त्या डिस्कवर कितीतरी वर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फाइली होत्या, आणि बॅकअप एकाही फाइलचा नव्हता.